पुढे १६५, मागे १८५: जुन्या डिझायरवर दोन मापांचे टायर, काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी पहिल्या पिढीची स्विफ्ट डिझायर. जोडणी केली तेव्हा पुढे १६५/८० आर १४, निम्मे झिजलेले. मागे १८५/७० आर १४, नवे कोरे. रिम चारही लोखंडी, १४ इंची. या जोडणीवर एक पावसाळा आणि कापूस वेचणीचा हंगाम निघाला, आता ऊन तापायला लागलंय. वापर यवतमाळ-पांढरकवडा पट्ट्यातला: डांबरी रस्ते, गिट्टी उघडी पडलेले जोडरस्ते, शेताच्या पांदणी, अधूनमधून हायवेने नागपूर.

जोडणी चालते. पण ती का चालते हे समजून घेतल्याशिवाय कोणी दुसऱ्या गाडीवर करू नये.

टायरवर लिहिलेला १६५ किंवा १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. गाडीला मात्र चाकाच्या उंचीने फरक पडतो, आणि ती हिशेबाने निघते. रेघेनंतरचा ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची (साइडवॉलची) उंची, रुंदीच्या टक्क्यांत. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. वरची-खालची मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिमी. तसाच हिशेब १८५/७० चा केला तर ६१४.६. फरक ५ मिमीचा, एक टक्क्याच्याही आत. म्हणूनच कंपनीने या गाडीच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आणि वरच्या मॉडेलला १८५/७० दिले होते.

दुकानात पुष्कळदा १८५/६५ आर १४ पुढे केला जातो, 'बसतो ना रिमवर' म्हणून. बसतो, पण त्याची उंची ५९६.१ मिमी, म्हणजे २३.५ मिमी कमी. मागे लावला तर गाडी मागून जवळपास १२ मिमी खाली बसते, आणि स्पीडब्रेकरवर भरलेली गाडी घासायला तेवढं पुरतं. शिवाय मागची चाकं पुढच्यांपेक्षा जवळपास ४ टक्के जास्त फिरतात. गाडीत एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पुढची चाकं घसरताहेत असा त्याचा चुकीचा हिशेब होऊ शकतो. हे माप घेऊ नका.

आता झिजेची गोष्ट, जी कोणी मोजत नाही. नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी खोल असते. ती ४ मिमीवर आली की टायरची उंची ८ मिमीने घटते, कारण झीज दोन्ही बाजूंनी मोजायची. म्हणजे निम्मा झिजलेला १६५/८० उरला सुमारे ६१२ मिमी, आणि नवा १८५/७० आहे ६१४.६. दोन वेगळी मापं जवळजवळ सारखी झाली! उलट एकाच मापाचा एक टायर नवा आणि दुसरा २ मिमीवर आलेला असेल तर फरक १२ मिमीचा, तरी लोक 'साइझ तर एकच आहे' म्हणून निश्चिंत असतात. म्हणून छापील आकड्यावर थांबू नका, घेर मोजा. चारही चाकांत सारखी हवा भरा, ग्रामपंचायतीच्या सपाट सिमेंट रस्त्यावर हवा भरायची पिन खाली आणून खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचे ५ फेरे होऊ द्या आणि टेपने अंतर घ्या. या मापात एका फेऱ्याला १ मीटर ८७ ते ८९ सेंटीमीटर येतं. ५ फेऱ्यांत पुढच्या-मागच्यात १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर जोडी चुकली.

एकाच एक्सलवर डावं-उजवं माप वेगळं मात्र कधीच ठेवू नये. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, आणि त्या एक्सलला डिफरन्शियल (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) असेल तर सरळ रस्त्यावरही आतले गिअर फिरत राहून झिजतात. डिझायरचा जोर पुढच्या चाकांवर आहे, मागे डिफरन्शियल नाहीच. म्हणून वेगळी जोडी मागे लावली. स्टेपनी १६५ चीच ठेवलीय. मागचं चाक पंक्चर झालं तरी तेवढ्यापुरती ती ५०-६० च्या वेगाने पंक्चरच्या दुकानापर्यंत नेते. बोलेरोत उलटं आहे: जोर मागे, डिफरन्शियल मागे. तिथे वेगळ्या मापाची स्टेपनी मागे लागली असेल तर पुढचं चाक मागे आणि स्टेपनी पुढे घ्यावी. दोनदा जॅक लावावा लागतो, पण गिअर वाचतात. फोर बाय फोर लागलेल्या, म्हणजे चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत पुढचा-मागचा घेरही सारखाच हवा.

पावसात ही जोडणी खरी पटली. ट्रॅक्टरने शेतातून आणलेली काळी माती डांबरावर पसरते आणि वर सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. अशा जागी वळणावर मागचा भाग सुटत नाही. नवी जोडी मागेच लावावी, पुढे नाही, ती याचसाठी. मागून घसरलेली गाडी सावरणं फार अवघड. बदल्यात पुढचं तोंड वळणात थोडं बाहेर जातं, ते वेग कमी केल्यावर लगेच आवरतं.

पांदणीत मात्र मागच्या रुंद टायरचा फायदा शून्य. ओढतात पुढचीच चाकं. रुंद टायरला चिखल जास्त चिकटतो, मागच्या मडगार्डमध्ये जागा कमी उरते, आणि माती वाळली की खुरप्याने काढावी लागते. ती तशीच रिमच्या आत राहिली तर बॅलन्सिंग बिघडतं आणि हायवेवर गाडी थरथरते. हंगामानंतर पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या खुंटांवरून गाडी घालू नये, साइडवॉल चिरते आणि तिला पॅच चालत नाही.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी ऊन चढण्याआधी. १८५/७० चा भारांक (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८८ म्हणजे ५६० किलो, १६५/८० चा ८५ म्हणजे ५१५, त्यामुळे मागे वेगळी हवा शोधायची गरज नाही. मे महिन्यात दुपारी हवा ३-४ पाउंड वाढलेली दिसेल, ती सोडू नका. मायलेजमध्ये जाणवण्याजोगा फरक नाही.

खरी अडचण अदलाबदलीची. पुढचे टायर लवकर झिजतात आणि त्यांना मागे फिरवता येत नाही. म्हणून ही जोडणी कायमची नाही. पुढचे ३ मिमीवर आले की १८५/७० चीच आणखी एक जोडी घ्यायची, नवी मागे, मागची पुढे, आणि अलाइनमेंट करून घ्यायचं. घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक पाहा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. स्टेपनीवरचेही तेच अंक वाचा, कारण डिकीत पडून राहिलेला टायर खाच पूर्ण असूनही कडक होऊन तडकलेला निघतो.