जुन्या धुळ्यातलं स्वस्त घर आणि 6,59,000 रुपयांचा चुना

धुळ्याच्या देवपुरात साधा फ्लॅट आवाक्याबाहेर गेलेला, आणि इकडे आग्रा रोडच्या मागच्या जुन्या गल्लीत सागवानी खणांचं, दुमजली धाब्याचं घर 16,50,000 ला. कोणीही बघायला जाईल. त्याला हाव म्हणणाऱ्यांनी आधी आजचे भाव विचारून यावेत. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, मार्ग धुळ्यावरून जाणार, तेव्हापासून दलालांची एकच टकळी: जुनं पाडा, खाली गाळे काढा, वर राहा. "नुसतं सागवान विकलं तरी दोन लाख कुठे गेले नाहीत. काही चिंता करू नका भाऊ, माणूस आपलाच शे."

या घरापायी खरेदीदाराचा गेलेला पैसा असा. टोकन 51,000. साठेखताच्या, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराच्या, दिवशी आरटीजीएसने 4,00,000. "मागची खोली रिकामी करायला" रोख 1,75,000. दोन टक्के दलाली, 33,000, तीही आगाऊ. हातात उरला 500 च्या मुद्रांकावरचा नोटरीचा कागद, ज्याने मालकी तसूभरही सरकत नाही. 100 रुपये किंवा त्यावरच्या स्थावर मिळकतीची खरेदी नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरी फक्त सही कोणी केली ते बघतो.

विकणाऱ्याने पुढे केला तो घरपट्टीचा उतारा. नाव त्याचं, थकबाकी शून्य, शिक्का ठसठशीत. पण घरपट्टी कर वसूल करायला असते, मालक ठरवायला नाही. नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरी जागेच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव होतं. आजोबांचा एकच मुलगा, तोही गेलेला, त्याच्यामागे विकणारा धरून तीन भाऊ नि दोन बहिणी. म्हणजे या गृहस्थाचा हिस्सा फार तर पाचवा. बहिणींचं काय, तर "त्यांनी तोंडी सोडलंय." तोंडी हक्कसोड कायद्यात चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. आणि समजा, त्याने आपला पाचवा हिस्सा रीतसर नोंदवून विकला असता तरी राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 तसं सांगतं. वर 1893 च्या वाटप कायद्याप्रमाणे, त्या खरेदीदाराने वाटपाचा दावा लावलाच तर घरचे लोक त्याचा हिस्सा विकत घेऊन त्यालाच बाहेर काढू शकतात.

चीड येते ती मीटरमुळे. जिन्याखाली दोन वीजमीटर होते. एक घरमालकाच्या नावाचं, बंद. दुसऱ्यावर खडूने वेगळंच आडनाव लिहिलेलं आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. मागच्या खोलीला कुलूप, "आत जुनं सामान आहे." बंद सामानाला वीज कशाला लागते? दलालाने तेवढ्यात वर धाबं बघायला नेलं. त्या खोलीत जुना भाडेकरू होता, पावत्या असलेला, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला. तो 1,75,000 ने हलणार नव्हता, आणि ते पैसे त्याच्यापर्यंत पोचलेही नव्हते.

"इतक्या जुन्या बांधकामाला बँक कर्ज देत नाही, फाइल लावूच नका," हेही ऐकवलं गेलं. खरी भीती बँकेच्या वकिलाची. तो मिळकतीच्या 30 वर्षांच्या कागदपत्रांचा शोध घेतो. कर्ज नको असलं तरी तो शोध आपल्या वकिलाकडून करून घ्या, दलालाने सुचवलेल्या वकिलाकडून नाही.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात तक्रार वाचायच्या आधीच उत्तर तयार: "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." बहिणी लपवून, भाडेकरू लपवून पैसे उकळणं हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) मग कशासाठी ठेवलंय? प्राथमिक चौकशी करायची तर ती ठरलेल्या मुदतीत संपवायची असते. इथे अर्ज कोणत्या टेबलावर आहे हेच कोणी सांगत नाही. महापालिका म्हणते, आम्ही फक्त कर लावतो. दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक म्हणतात, मालकी तपासणं आमचं काम नाही. भूमापनवाले म्हणतात, वारसांनी अर्ज केला नाही तर आम्ही नाव कसं बदलणार? प्रत्येकाचं बरोबर, आणि चोर मोकळा! ठाण्याने नोंद घेतली नाही तर पोस्टाने लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना, तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोच सांभाळा.

महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीची मिळकत पत्रिका स्वतः काढा, दलालाच्या मोबाइलमधला फोटो चालवून घेऊ नका. टोकन देण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या; विकणारा त्यावर चिडला तर तिथूनच परत फिरा. दोन्ही शेजाऱ्यांना सामाईक भिंतीबद्दल विचारा. भिंतीचं तर कळतंच, घरात कोण राहतं आणि कोणाकोणाचं भांडण आहे हेही चहा संपायच्या आत कळतं. विकास आराखड्यात गल्लीचं रुंदीकरण आहे का, ते नगररचना विभागातून लेखी घ्या. नाहीतर गाळ्याची जागा रस्त्यात जायची.

आणि रोख देऊ नका. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. पण आधी घेतली हे सिद्ध व्हायला हवं. बँकेतून गेलेले पैसे दाव्यात दाखवता येतात, त्या 1,75,000 ची पावती नाही. दावा दाखल करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि ठाण्यातल्या चौकशीसाठी ती थांबत नाही, म्हणून फौजदारी तक्रारीबरोबरच दिवाणी वकीलही गाठा.