एमडीएनचा ब्राउझर-कम्पॅट-डेटा: वापरण्याजोगा आहेच, पण तक्ता नीट वाचा

एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भ-संकेतस्थळावर संदर्भ-पानांच्या तळाशी जो ब्राउझर सपोर्टचा (कोणतं फीचर कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतं याचा) तक्ता दिसतो, तो त्या पानात लिहिलेला नसतो. पानाच्या मूळ फाइलच्या सुरुवातीला फक्त एक की (नोंद शोधायचं नाव) दिलेली असते आणि आकडे ब्राउझर-कम्पॅट-डेटा (बीसीडी) या वेगळ्या रेपॉझिटरीतल्या जेसन फायलींमधून येतात. परवाना सीसी-झीरो (कुणीही मुक्तपणे वापरावा असा), पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारात मोफत. ब्राउझर सपोर्ट दाखवणारी 'कॅन आय यूज' ही साइटसुद्धा 2019 पासून स्वतःच्या माहितीसोबत हा डेटा दाखवतं. सपोर्ट तपासायचा असेल तर आमच्या मते सुरुवात इथूनच करावी.

कारण इथला बारकावा. घटकांमधलं अंतर ठरवणारी 'गॅप' ही सीएसएस प्रॉपर्टी बघा. ग्रिडमध्ये ती याच नावाने क्रोम 66 आणि सफारी 12 पासून चालते. फ्लेक्सबॉक्समध्ये मात्र फायरफॉक्स 63, क्रोम 84 आणि सफारी 14.1 लागतो. सफारी 13 ला '@सपोर्ट्स' (ब्राउझरला एखादी गोष्ट येते का हे विचारणारा सीएसएस नियम) लावून गॅप येतो का विचारलं, तर उत्तर होकारार्थीच येणार, कारण तिथे फक्त प्रॉपर्टी आणि व्हॅल्यू ओळखता येते का एवढंच तपासलं जातं. फ्लेक्समधली बटणं तरीही एकमेकांना चिकटलेलीच दिसतात. बीसीडीत फ्लेक्स आणि ग्रिडच्या नोंदी वेगळ्या असल्यामुळे हा घोटाळा तक्त्यातच लक्षात येतो.

फक्त आकडा बघून पुढे जाऊ नका. 'पार्शल इम्प्लिमेंटेशन' (अर्धवट सपोर्ट) असेल तर खालची टीप वाचल्याशिवाय त्या आवृत्तीला काही अर्थ नाही. आकड्याआधी '≤' असेल, तर फीचर त्या आवृत्तीत किंवा त्याआधी आलं, नेमकं कधी ते ठरलेलं नाही. 'प्रीव्ह्यू' म्हणजे अजून स्थिर आवृत्तीत नाही. फ्लॅगमागे असलेलं, म्हणजे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावं लागणारं फीचर सर्वसामान्य वापरकर्त्याकडे नाही, असंच धरा.

स्क्रिप्टमधून डेटा वाचणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे एका ब्राउझरची नोंद नेहमी एकच ऑब्जेक्ट असेल असं मानणं. प्रीफिक्स, फ्लॅग किंवा जुनं नाव असेल तर तिथे ॲरे (अनेक नोंदींची यादी) येतो, आणि दोन्ही शक्यता हाताळाव्याच लागतात. दुसरं म्हणजे सेमव्हरची (आवृत्ती-क्रमांकावरून बदल किती मोठा ते सांगणाऱ्या पद्धतीची) हमी डेटाच्या रचनेपुरती आहे, आतल्या नोंदींची नाही. कालबाह्य फीचर काढून टाकलं की त्याची की मेजर आवृत्ती न बदलताही नाहीशी होऊ शकते. म्हणून पॅकेजची आवृत्ती लॉक करा आणि की सापडली नाही तर काय करायचं ते कोडमध्ये लिहून ठेवा. आणि हे पॅकेज बिल्डच्या वेळी वाचायचं आहे. त्याची डेटा फाइल कित्येक मेगाबाइटची असते, ती वेबपानाच्या बंडलमध्ये टाकू नये.

चूक दिसली तर दुरुस्त करणं सोपं आहे. फाइल शोधा, आकडा बदला, 'एनपीएम रन फिक्स' आणि मग तपासणीसाठी 'एनपीएम रन लिंट' चालवा. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) छोटा टेस्ट-कोड, बग ट्रॅकरचा दुवा किंवा रिलीज नोट जोडा. पुराव्याशिवाय आलेला आकडा तपासणाऱ्याचं काम दुप्पट करतो. एज, ऑपेरा, अँड्रॉइडवरचा क्रोम यांच्यापुढे बहुतेकदा 'मिरर' लिहिलेलं असतं, म्हणजे मूळ ब्राउझरवरून आवृत्ती आपोआप निघते. तिथे हाताने आकडा टाकायचा तो खरोखर फरक असेल तेव्हाच. अँड्रॉइड वेबव्ह्यूत (ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या घटकात) असे अपवाद निघतात, कारण काही एपीआय तिथे बंद असतात.

फीचर सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आलं का हे सांगणारा बेसलाइनचा बिल्लाही शेवटी याच डेटावर उभा आहे. ':हॅज' सिलेक्टर सफारी 15.4 मध्ये, मग क्रोम 105 मध्ये आणि शेवटी डिसेंबर 2023 मध्ये फायरफॉक्स 121 मध्ये आला. तेव्हा तो 'न्यूली अव्हेलेबल' (नुकताच सगळीकडे उपलब्ध) झाला. 'वाइडली अव्हेलेबल' (सर्वत्र रुळलेला) या पुढच्या टप्प्यासाठी तिथून 30 महिने, म्हणजे जून 2026.

दोन उणिवा जाणवतात. स्क्रीन रीडरसोबत (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) एखादं फीचर कसं वागतं, हे तक्ता सहसा सांगत नाही. ते स्वतः तपासावं लागतं. शिवाय दुरुस्ती मर्ज झाली (रेपॉझिटरीत स्वीकारली गेली) की लगेच पानावर दिसत नाही. आधी बीसीडीचं नवं रिलीज यायला हवं, मग एमडीएनने ते घ्यायला हवं. तोवर पानावर जुनाच आकडा असतो, म्हणून शंका आली तर थेट रेपॉझिटरीतली फाइल उघडून बघा.