ओतीव की घडीव? तीन सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, चौदा महिने

आमच्या घरातल्या दोन पिढ्या फाउंड्रीत गेल्या. शिरोली एमआयडीसीत काकांची मोल्डिंगची शेड होती आणि शाळेच्या सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. त्यामुळे ‘ओतीव’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काळं बीड, वाळूचा साचा आणि आत दडून बसलेलं ब्लो-होल (हवेची पोकळी) येतं. नवीन ओतकाम हातात आलं की काका आधी हातोडीने वाजवून बघायचे. आवाज बद्द आला की माल बाजूला. अशा घरातला माणूस अमेरिकेतल्या आयडाहोत स्थिरावून, नागरिकत्व मिळाल्यावर मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यायला गेला, तर ओतीव फ्रेमकडे (म्हणजे बाकी सगळे भाग जिच्यात बसतात त्या सांगाड्याकडे) तो वाकड्या नजरेनेच बघणार. दुकानदारासमोर हातोडी काढली नाही एवढंच.

आज माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही सिंगल-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक बाराआधी घोडा हाताने मागे ओढायचा. पहिलं म्हणजे १८७३च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची इटालियन नक्कल, .४५ कोल्ट काडतुसाची, घडीव फ्रेमची. दुसरं रूगरचं न्यू मॉडेल ब्लॅकहॉक, तेही .४५ कोल्ट, साडेपाच इंची नळी, ओतीव फ्रेम. तिसरं फ्रीडम आर्म्सचं मॉडेल ८३, .४५४ कॅसुल, साडेसात इंची नळी, जुनंच घेतलं, तरी खिसा रिकामा झाला. पहिल्यातून नऊशेच्या आसपास काडतुसं गेली, दुसऱ्यातून चौदाशे, तिसऱ्यातून जेमतेम तीनशे. तीनशेच का, ते पुढे येईलच.

घडीव फ्रेमबद्दलचा माझा सगळा आदर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओसरला. घडीव स्टील वाईट म्हणून नव्हे. कोल्टचा आराखडा काळ्या दारूच्या जमान्यातला, आणि नक्कल त्याच मापाची. सिलिंडरचा (काडतुसं धरून फिरणाऱ्या दंडगोलाचा) व्यास १.६५ इंचाच्या घरात, आणि त्यात .४५ची सहा भोकं. भोकाबाहेर उरलेली भिंत आधीच पातळ, त्यात सिलिंडर जागी रोखणारा बोल्ट अडकायची खाच नेमकी भोकाच्या पाठीवर. फ्रेम घडवा, नाहीतर सोन्याची करा. फुटायचं झालं तर ती खाच आधी फुटणार. .४५ कोल्टची अधिकृत दाबमर्यादा आजही १४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठेवली आहे ती अशाच जुन्या रिव्हॉल्व्हरांसाठी. .४४ मॅग्नमची आहे ३६,०००.

ब्लॅकहॉक हातात घेतलं की फरक कॅलिपरशिवाय कळतो. सिलिंडर १.७३ इंचाच्या आसपास, खाच भोकाच्या मध्यापासून जराशी सरकवलेली, आणि सिलिंडरच्या डोक्यावरून जाणारी फ्रेमची पट्टी चांगली जाड. ही पट्टी महत्त्वाची. बार उडाला की नळी पुढे आणि मागची भिंत मागे अशी ओढाताण होते, आणि ती सोसायची असते फ्रेमच्या त्या चौकटीने. सिंगल-अ‍ॅक्शनची चौकट अखंड असते. सिलिंडर बाजूला झुलवून बाहेर काढायच्या रिव्हॉल्व्हरांत त्याला धरणाऱ्या बिजागरासाठी (क्रेन) पुढचा धातू कापावा लागतो, इथे तो कापच नाही. म्हणून बाजूच्या छोट्या झाकणातून (गेट) एकेक काडतूस भरण्याचा कंटाळा मी मुकाट सोसतो.

आता ओतकाम. रूगरचं ओतकाम वाळूतलं नव्हे, मेणाच्या साच्याचं. आपल्याकडे पितळी मूर्ती ओततात तोच मूळ विचार: मेणाची प्रतिकृती, तिच्यावर सिरॅमिकचे थर, मेण वितळवून बाहेर, मग आत स्टील. या फ्रेमची काळ्या बिडाशी तुलना करणं म्हणजे सातारी कंदी पेढ्याची खडूशी तुलना. तरी काकांचा पुतण्या मनात म्हणतो की घडीव स्टीलचे रेषे दाबाच्या दिशेने बसवता येतात, ओतीवचे नाही. खरं आहे. पण ओतकामात हवं तिथे जाडी वाढवणं स्वस्त पडतं, आणि ती वाढवली की रेष्यांचा फायदा भरून निघतो. धातू कसा बनवला यापेक्षा तो कुठे किती ठेवला आणि त्याला उष्णतोपचार कसा दिला, हे मी आधी बघतो.

ब्लॅकहॉकचं मोजमापही सांगतो. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट पहिल्या दिवशी फीलर गेजने ६ थाउ (इंचाचा हजारावा भाग) होती. चौदा महिन्यांनी ६च. सिलिंडरची पुढे-मागे हालचाल दोनाची तीन थाउ झाली. (कोल्हापूरकरांनो, इथे सुताचा हिशोब चालत नाही.) फटीवरच्या पट्टीत ज्वाळेने एक बारीक रेघ कोरली आहे. पहिल्यांदा दिसली तेव्हा झोप उडाली होती. ती थोडी कोरते आणि मग थांबते. इटालियन नकलेची फ्रेम कमी दाबाच्या काडतुसांमुळे जशीच्या तशी, पण सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाची पातीची स्प्रिंग सातशेच्या पुढे तुटली. ब्लॅकहॉकमध्ये सगळ्या कॉइल स्प्रिंगा आहेत, त्यामुळे ती भानगडच नाही. १९७३पासूनच्या न्यू मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत न पोचू देणारी पट्टी) असल्याने सहाही भरून फिरता येतं; नकलेत मी घोड्याखालचं भोक रिकामं ठेवतो.

एक सावधगिरी, कारण यात लोक फसतात. रिकाम्या काडतुसांत घरी दारू-गोळी भरण्याच्या पुस्तकांत .४५ कोल्टचा जो जड, म्हणजे जास्त दाबाचा, ‘फक्त रूगरसाठी’ असा विभाग असतो, तो मोठ्या फ्रेमच्या ब्लॅकहॉकसाठी आहे. २००५मध्ये आलेलं न्यू व्हॅकेरो त्याच कंपनीचं, त्याच बोअरचं, पण फ्रेम मध्यम. नुसतं नाव वाचून जड काडतूस भरू नका.

मॉडेल ८३ची जातच वेगळी. वायोमिंग-आयडाहोच्या सीमेवरच्या फ्रीडम गावात बनतं, १७-४ पीएच जातीचं स्टेनलेस स्टील, आणि भोकं पाचच. मला वाटायचं, पाच म्हणजे फक्त भिंत जाड. खरी गंमत भूमितीची आहे. सहा भोकं असली की वरच्या भोकाच्या बरोबर समोर, खाली भोकच येतं, आणि बोल्ट तिथेच खाच मागतो. पाच असली की खाली दोन भोकांमधला भरीव धातू येतो. खाच तिथे. शिवाय भोकं त्याच रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या रेषेत पाडतात. .४५४ कॅसुलची मर्यादा ६५,००० पीएसआय आहे, हे लक्षात घेतलं की किंमत कळते (पटते असं नाही).

इथे कच्चा दुवा मनगट. दहाव्या काडतुसानंतर माझे डोळे बार उडायच्या आधीच मिटतात.

देखभाल सगळ्यांची सारखीच. मूठ मुख्य फ्रेमला स्क्रूंनी जोडलेली असते, ते दर शंभर काडतुसांनी तपासा. सिलिंडरच्या मधल्या पिनवरही नजर ठेवा. रेंजवर शेजारच्या एकाची पिन जड धक्क्याने पुढे सरकली आणि घोडा पूर्ण मागे येईना. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. फ्रेम बळकट असून उपयोग काय, अर्ध्या बोटाची पिन जाग्यावर नसेल तर?

ट्राउट धरायला यलोस्टोनच्या बाजूला जातो तेव्हा कमरेला ब्लॅकहॉक असतं, आणि अस्वलाचा स्प्रे त्याच्याही पुढे, हाताशी. विकायची वेळ आली तर मॉडेल ८३ आधी जाईल. इटालियन नक्कल मात्र राहील, कारण घोडा ओढताना तिचे चार टकटक आवाज येतात आणि बायकोलाही तीच आवडते.