जीवनकथेची फाईल आणि दारातली पेटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाबांच्या केअर होममध्ये डिमेन्शिया असलेल्या प्रत्येक रहिवाशाची एक जीवनकथा-फाईल करतात आणि खोलीच्या दाराशेजारी काचेची छोटी पेटी लावतात. फाईलमध्ये फोटो आणि चार ओळी, पेटीत त्या माणसाच्या वस्तू. आधीच सांगते, याने स्मरणशक्ती परत येत नाही. त्या आशेने करणार असाल तर हिरमोड होईल. फायदा झाला, पण आधी झाला तो कर्मचाऱ्यांना.

बाबा छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरजुळणी करणारे होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात उभी हयात गेली. इथे मात्र ते 'अंघोळीला त्रास देणारे काका' एवढेच उरले होते. फाईल वाचल्यावर सकाळच्या पाळीचा मदतनीस दादा 'काका, आज काय छापायचं?' असं विचारत त्यांना उठवायला लागला. त्यामुळे अंघोळीची कटकट संपली नाही, पण निम्म्यावर आली.

पेटीत आम्ही त्यांची कंपोझिंग स्टिक (खिळ्यांची ओळ जुळवायची हातातली पट्टी) आणि मूठभर खिळे ठेवले होते. एकदा तिथल्या काळजीवाहू ताईंनी ते बाहेर काढून त्यांच्या हातात दिले. बाबांचा अंगठा खिळ्यांच्या अंगावरच्या खाचांवरून फिरत गेला आणि एका ठिकाणी थांबला. तिथे खाच लागली नाही, म्हणजे खिळा उलटा. त्यांनी तो उपसला, फिरवून बसवला आणि ती आरशातल्यासारखी उलटी ओळ घडाघडा वाचली. आम्हाला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. त्याच सकाळी त्यांनी मला 'तुम्ही कोणाकडे आलात?' असं विचारलं होतं.

यात चमत्कार नाही. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला, लवकर मार बसतो. हाताला बसलेली कसबं बेसल गँग्लिया (मेंदूतला खोलवरचा भाग) आणि लहान मेंदूवर जास्त अवलंबून असतात, ती पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. म्हणून माझ्या मते पेटी फाईलपेक्षा सरस. फक्त एक काळजी घ्या: खिळ्यांत शिसं असतं. वस्तू तोंडात घालायची सवय असेल तर ते देऊच नयेत. आम्ही नंतर लाकडी अक्षरं आणली आणि खिळे कुलपात गेले.

आता तक्रारी. फाईलच्या पानांना चकचकीत प्लास्टिक होतं. दिव्याची तिरीप त्यावर पडली की फोटो दिसेना आणि बाबा पान पुसत बसायचे. मॅट कागद, एका पानावर एकच फोटो आणि मोठा टाइप हवा. दुसरं म्हणजे छापील नमुन्यातले 'ओळखा पाहू कोण?' छापाचे प्रश्न. ज्याला आठवत नाही त्याची रोज तोंडी परीक्षा कशाला? आम्ही ते काढून 'हा तुमचा छापखाना, हे तुमचे सोबती' अशी सरळ वाक्यं लिहिली. फोटो निवडताना साधारण दहा ते तीस वर्षं वयातले जास्त घ्या, त्या काळातल्या आठवणी सहसा अधिक पक्क्या असतात. आणि कुटुंबाने भरायच्या फॉर्मवर 'छंद: वाचन, संगीत' लिहून मोकळे होऊ नका. त्यावरून त्या ताईंनी काय बोलायचं?

कलागुणांचा मेळावा हा प्रकार मला अजिबात पटला नाही. संध्याकाळची वेळ, माइक, पाहुण्यांच्या टाळ्या. दिवस कलताना अनेकांची अस्वस्थता वाढते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, तरी वेळ तीच! बाबा घाबरून उठून गेले. सकाळी चार-पाच जणांत तेच काम छान चालतं. कौतुक त्यांचं करायचंय की संस्थेचं, एवढं आयोजकांनी आधी ठरवावं.

शेजारच्या खोलीतल्या आजींना नातेवाईक नाहीत, त्यामुळे त्यांची पेटी बरेच दिवस रिकामी होती. त्यांच्यासाठी ताईंनी वेगळी वाट धरली. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या टाइमस्लिप्स पद्धतीत आठवणी विचारतच नाहीत. एखादं गमतीशीर चित्र दाखवून 'इथे काय चाललंय?' असं विचारतात आणि येईल ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतात. आजी एका घोड्याला बँकेत कर्ज मागायला घेऊन गेल्या. मॅनेजरने जामीनदार मागितला! आता ती गोष्ट त्यांच्या पेटीत आहे आणि येणारेजाणारे थांबून वाचतात.

पुरावा विचारणाऱ्यांसाठी: आठवणींवर आधारित उपचारांचा २०१८ चा कॉक्रेन आढावा (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा) २२ अभ्यासांचा आणि १,९७२ जणांचा आहे. परिणाम बरेचदा छोटे आणि सगळीकडे सारखे नाहीत, पण केअर होममध्ये जीवनमानात फरक दिसला. आमचा अनुभव याच्याशी जुळतो.

घ्यायची असेल तर रिंगची फाईल घ्या, पानं बदलता येतात. नाजूक विषय, आमच्याकडे धाकट्या काकांचं जाणं, आतल्या पानावर फक्त कर्मचाऱ्यांसाठी लिहा. दारातली पेटी सगळ्या जगाला दिसते. रात्रपाळीला फाईल कुठे असते ते स्वतः जाऊन बघा, आमची कपाटात कुलूपबंद सापडली होती. आणि मूळ फोटो घरी ठेवून प्रतीच लावा. बाबांनी दोन पानांची व्यवस्थित घडी घालून ती प्रूफं म्हणून दादाच्या खिशात कोंबली आहेत.