अंगणात लायलॅक लावायचाय, पण कुठला?

न्यू इंग्लंड किंवा न्यू जर्सीत नवं घर घेतलं की मे महिन्यात शेजारच्या कुंपणावरून वास येतो आणि आपल्याही दारात लायलॅक, म्हणजे सुवासिक जांभळ्या तुऱ्यांचं ते झुडूप, हवासा वाटतो. नर्सरीत विचारलं की बहुधा दोन नावं पुढे येतात: जुना, साधा लायलॅक आणि ‘मिस किम’.

साधा लायलॅक मूळचा बाल्कन डोंगरांतला. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या व्हिक्टर लेमोइन या रोपवाटिकावाल्याने 1870 च्या दशकापासून त्याचे दुहेरी (जास्त पाकळ्यांच्या) फुलांचे कितीतरी वाण काढले. त्यांतले काही आजही विकत मिळतात. वासात याला तोड नाही. एक तुरा फुलदाणीत ठेवला तरी खोली दरवळते. मात्र झुडूप दहा-पंधरा फूट वाढतं, बुडाशी सतत धुमारे फुटतात आणि दमट उन्हाळ्यात पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. झाड मरत नाही, पण ऑगस्टमध्ये त्याच्याकडे बघवत नाही. शिवाय लहान रोप लावलंत तर भरघोस बहरासाठी दोन-चार वर्षं थांबावं लागतं.

‘मिस किम’ कोरियाची. एल्विन मीडर या अमेरिकन वनस्पती-संशोधकाने 1947 मध्ये तिथून बी आणलं, न्यू हॅम्पशायरमध्ये त्यातून हा वाण निवडला. उंची सहा ते आठ फूट, भुरी क्वचित, बहर जरा उशिरा, आणि पानगळीआधी पानं लालसर जांभळी होतात. वास छान, जरा मसालेदार. रंगाचं मात्र आधीच सांगून ठेवते: कळी गडद जांभळी असते, पण उमललेलं फूल फिकटत जवळजवळ पांढरं होतं. तो खास लायलॅक रंग हवा असेल तर साधाच घ्या.

ऊन दोघांनाही रोज सहा तास हवं, माती आम्लधर्मी असेल तर थोडा चुना. छाटणी बहर ओसरल्याबरोबर करायची; पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. ऑक्टोबरात कात्री चालवलीत तर फुलंच कापली जातात.

थंडीशिवाय मात्र साधा लायलॅक धड फुलत नाही, त्यामुळे पुण्याला रोप न्यायचा विचार सोडा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्यांनी ‘लॅव्हेंडर लेडी’ ही लायलॅकचीच जात बघावी, ती कमी थंडीतही फुलते.

टाउनहाउसचं पुढचं चिमुकलं अंगण असेल तर ‘मिस किम’. मागे मोकळी जागा असेल तर मी डोळे मिटून साधा लावीन, भुरीसकट. तरीही ठरत नसेल तर मे महिन्यात बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षउद्यानात किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या हायलँड पार्कात लायलॅक बघायला जा आणि नाकाने ठरवा.