टाच दुखत असताना प्रवास: बूट, सँडल, एमसीआर की कोल्हापुरी?

सौंदत्तीच्या डोंगरावर जायचं ठरलंय, नाहीतर अथणीहून दवाखान्याच्या कामासाठी बेळगावला वरचेवर यावं लागतंय, आणि टाच तर जमिनीला टेकवत नाही. आपल्या भागात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बेळगावच्या वडगाव-शहापुरात मागावर उभं राहून काम करणारे, दिवसभर फळ्यासमोर उभ्या असलेल्या शाळेतल्या बाई, फरशीवर अनवाणी वावरत स्वयंपाक करणारी आई, सगळ्यांची एकच कळ. प्रवास काही टाळता येत नाही. मग पायात काय घालून निघायचं? दुकानदार एक सांगतो, शेजारीण दुसरं सांगते, मोबाइलवरच्या जाहिराती तिसरंच. म्हणून इथल्या बाजारात सहज मिळणारे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगते: एकच जोड घ्यायचा असेल तर मागे पट्टा असलेली आणि तळव्याला आधार देणारी सँडल घ्या. बूट त्यानंतर. का, ते पुढे येईलच.

दुखणं नेमकं कुठलं

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. धनुष्याला प्रत्यंचा असावी तसा तो पावलाची कमान ताणून धरतो. कडक जमिनीवर तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, अगदी सपाट किंवा अगदी उंच कमानीचं पाऊल, यांपैकी काहीही असलं की त्या पट्ट्यावर ताण येतो आणि तो बहुतेक वेळा टाचेच्या आतल्या बाजूला, हाडाला चिकटतो तिथे दुखायला लागतो.

याची खूण ठरलेली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की चर्रकन कळ येते, थोडं चाललं की कमी होते, आणि दीड-दोन तास बसून राहिल्यावर परत उठताना पुन्हा तीच. प्रवासात हे जास्त का जाणवतं ते यातून कळतं. बेळगाव ते सौंदत्ती बसमध्ये पाय लटकवून बसायचं, उतरल्या उतरल्या सगळा भार आखडलेल्या पट्ट्यावर टाकायचा आणि लगेच चढाला लागायचं. २०२३ पासून कर्नाटकातल्या शक्ती योजनेमुळे, म्हणजे बायकांना सरकारी बस मोफत झाल्यामुळे, बायकांचा एसटीचा प्रवास वाढलाय, चांगलंच झालं, पण गर्दीच्या गाडीत निम्मी वाट उभ्यानं जाते. त्याचा हिशेबही पायानंच चुकवायचा असतो.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून पुष्कळजण धास्तावतात. तसं वाढलेलं हाड ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशांच्याही एक्स-रेत दिसतं, तेव्हा तेवढ्यावरून हाय खाऊ नका. बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनाविना काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, आटोक्यात येतं. पादत्राणाचं काम एवढंच की त्या काळात पट्ट्यावरचा ताण कमी ठेवायचा.

स्पोर्ट्स बूट

नुसत्या आधाराचा विचार केला तर बुटाला तोड नाही. टाचेखाली जाड फोम, टाच पंजापेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच, त्यामुळे पोटरीवरचा ओढा कमी. मागची भिंत टाच धरून ठेवते आणि लेस आवळली की पाऊल आत घसरत नाही. राजहंसगडाचा चढ असो, बेळगावच्या किल्ल्यातून कमल बस्तीचं जैन मंदिर बघत फिरायचं असो, सलग चालायचं असेल तर बूटच.

पण आपला प्रवास सलग चालण्याचा असतो कुठे? देवळात काढा, पाहुण्यांच्या दारात काढा, कुठे सतरंजीवर जेवायला बसायचं तर काढा. कंबर धरलेल्या माणसाला दर वेळी वाकून लेस सोडायचा-बांधायचा कंटाळा येतो, मग तो बुटाची मागची कड दुमडून चपलेसारखा वापरतो. टाच धरणारी भिंतच मोडली की त्या बुटात आणि साध्या स्लिपरमध्ये फारसा फरक उरत नाही. शिवाय खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, जून ते सप्टेंबर एकदा भिजलेला बूट दोन दिवस वाळत नाही. ओल्या बुटात चालून पायाला भेगा आणि चिखल्या होतात ते वेगळंच.

जुना बूट घरात पडून असेल तर तो आधी टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजून कललेली दिसली तर तो दुखऱ्या पायाला घालू नका. पळण्याच्या बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसतो. वरचं कापड नवं दिसलं तरी आतला दम गेलेला असतो.

मागे पट्ट्याची सँडल

आपल्याकडच्या प्रवासाला मला हीच सगळ्यात जमून येणारी वाटते. चांगल्या सँडलमध्ये टाचेला बसायला किंचित खोलगट जागा असते, आतल्या बाजूला कमानीखाली उंचवटा असतो आणि मागचा पट्टा टाच जागेवर धरतो. वेल्क्रोचा पट्टा उभ्या उभ्या निघतो. पावसात भिजली तर पुसून पुन्हा चालू. साडीवरही विचित्र दिसत नाही. हे मी हसण्यावारी नेत नाही, कारण जी चप्पल घालायची लाज वाटते ती घरीच राहते.

मागे पट्टा का हवा? पट्टा नसला की चप्पल निसटू नये म्हणून बोटं आपोआप आवळली जातात. दिवसभर बोटं आवळून चाललं की तळव्याला आणि पोटरीला विसावा मिळत नाही. दुखऱ्या पायाला हा जादा ताण कशाला?

उणिवा आहेत. ऊन-धुळीत टाचांना भेगा पडतात, खडे आत शिरतात, आणि कमानीचा उंचवटा आपल्या पावलाशी जुळला नाही तर बदलता येत नाही. म्हणून सँडल ऑनलाइन न मागवता खडेबाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात पायात घालून, दुकानात चार फेऱ्या मारूनच घ्यावी. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं कळतं.

दुकानात हातात घेऊन तीन गोष्टी करा. टाच आणि पंजा दोन्ही हातांत धरून वाकवा: बोटांच्या सांध्याशी वाकली तर ठीक, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. मग आडवी पिळून बघा, सहज पिळली गेली तर कमानीला आधार नाही. शेवटी टाचेच्या जागी अंगठा जोरात दाबा. अंगठा थेट खाली टेकला तर तो मऊपणा पंधरा दिवसांचा. दुकानदार "एकदम मऊ आहे बघा" म्हणून चप्पल हातात देतो तेव्हा हे लक्षात ठेवा. दुखऱ्या टाचेला मऊ हवं, पण लिबलिबीत नको.

एमसीआर चप्पल

औषधांच्या दुकानात 'डॉक्टर चप्पल' म्हणून मिळते ती बहुतेक हीच. मायक्रो सेल्युलर रबर, म्हणजे बारीक हवेच्या कप्प्यांचं रबर. मुळात कुष्ठरोग आणि मधुमेहात पायाची संवेदना गेलेल्यांसाठी हे रबर वापरात आलं, कारण ते तळव्यावरचा दाब एका जागी न ठेवता पसरवतं. काही शेकड्यांत मिळते, हलकी असते.

घरात वापरायला हिच्यासारखी दुसरी नाही, आणि घरातलीच चप्पल बहुतेकजण विसरतात. बाहेर भारी बूट घालायचा आणि घरी दिवसभर फरशीवर अनवाणी, याला काय अर्थ? सकाळचं पहिलं पाऊल एमसीआरवर पडलं पाहिजे. प्रवासाला मात्र ती एकटी पुरत नाही. बहुतेक जोडांना मागे पट्टा नसतो आणि कमानीखाली सपाटच असते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर मागे पट्टा असलेली एमसीआर सँडल मागून घ्या आणि रोज रात्री तळवे बघायची सवय ठेवा.

फोमचे क्लॉग, म्हणजे पुढून बंद, भोकाभोकांचे जोडे, धुवायला सोपे, न्हाणीघरात आणि अंगणात ठीक. पण पिळून बघितले की बहुतेक नापास होतात.

कोल्हापुरी

हिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला बेळगाव आहे. अथणी-निपाणीच्या कारागिरांच्या हातचा जोड म्हणजे वर्षानुवर्षांची सोबत. तिच्या बाजूनं सांगण्यासारखं खरंच आहे: उंच टाच नाही, चामडं हवा खेळू देतं, पुढे बोटं मोकळी राहतात.

तरीही टाच दुखत असताना प्रवासाला ती नको. तळ सपाट आणि टणक, टाचेखाली गादी नाही, कमानीला काही नाही, मागे पट्टा नाही. कारागिराकडून खाली रबराचा सोल मारून घेतला तर पकड वाढते आणि दणका थोडा कमी बसतो, पण कमान तशीच उघडी राहते. लग्नात दोन तास घालायला घ्या, हॉलवर पोचल्यावर पिशवीतून काढा. दुखणं गेल्यावर ती तुमचीच आहे.

आहे त्याच बुटात इनसोल

नवा जोड घ्यायचा नसेल तर हा स्वस्त मार्ग. सिलिकॉनचं टाचेपुरतं पॅड दणका शोषतं आणि टाच थोडी उचलतं, कमानीला मात्र आधार देत नाही. नुसती टाच दुखत असेल तर यानं भागतं, तळवाही ओढल्यासारखा होत असेल तर पूर्ण लांबीचं, कमानीचा उंचवटा असलेलं इनसोल बघा. पॅड दोन्ही पायांत घालायचं. एकाच पायात घातलं की चाल वाकडी होते आणि गुडघा-कंबर कुरकुरते. उघड्या चपलेत ही पॅड टिकत नाहीत, सरकतात.

माप घेऊन बनवलेलं महागडं इनसोल घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. अभ्यासांत बहुतेकांना तयार आणि बनवलेल्या इनसोलमध्ये मोठा फरक पडलेला दिसत नाही. आधी तयार वापरून बघा. पाऊल खूपच वेगळं असेल तर मग पुढचा विचार. पाऊल कसलं ते घरीच कळतं: पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर उमटवा. सगळा तळवा उमटला तर पाऊल सपाट, त्याला टणक आधार हवा. टाच आणि पंजा यांच्यामध्ये जवळपास काहीच उमटलं नाही तर कमान उंच, तिला गादी जास्त लागते.

कुठल्या प्रवासाला काय

सौंदत्ती, मायक्का चिंचली, कुठलंही देवस्थान: सँडल. अनवाणी रांगेत उभं राहावं लागतं तिथे परवानगी असेल तर जाड मोजे घाला. उन्हाळ्यात दगड तापलेला असतो, आणि पाय बधिर असणाऱ्यांना चटका बसलेला कळतही नाही. पावसाळ्यात खानापूर-कणकुंबी: खाली खोल नक्षी असलेली, पाण्यात चालणारी सँडल. गड-डोंगर, किंवा आषाढीची पायी वारी: बूट आणि इनसोल, सोबत पिशवीत सँडल, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी पाय बदलता येतो. बाजार, कचेरी, दवाखाना: जी पायात बसेल ती सँडल. पाहुण्यांकडे मुक्काम असेल तर एक धुतलेली एमसीआर जोडी पिशवीत टाका आणि घरात घालणार असल्याचं निःसंकोच सांगा. "वहिनी, टाच दुखते, ही घरातलीच आहे," म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नाही.

काहीही नवं घेतलं तरी ते घालून थेट प्रवासाला निघू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत वाढवत, निदान दोन आठवडे आधी सुरुवात करा. कमानीचा आधार सुरुवातीला टोचल्यासारखा वाटतो. आठवड्यानंतरही टोचतच असेल तर ते माप तुमचं नाही.

बसमध्ये उतरायचा थांबा जवळ आला की बसल्या जागी बोटं वर ओढून पाऊल खाली-वर हलवा, दहा-पंधरा वेळा. सकाळी अंथरुणातच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं हातानं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहादा. मुक्कामी फ्रिज असेल तर पाण्याची बाटली गोठवून टॉवेलवरून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा, पाय बधिर असतील तर मात्र हा प्रयोग नको.

टाच सुजून लाल झाली, मुंग्या येतात, झोपेतही ठणकते, चालताना तळव्यात काही तटकन तुटल्यासारखं झालं, किंवा दुखण्यासोबत ताप आहे, तर चप्पल बदलत बसू नका. प्रवास पुढे ढकला आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवा.