पेट्रोल-एलपीजी एसयूव्ही: घरच्यांसाठी कशी वाटली

आमच्या घरी पाच माणसं, त्यात आईचे गुडघे दुखरे. या गाडीत तिला वाकावं लागत नाही, सीटवर सरळ टेकता येतं. माझ्या लेखी अर्धा निकाल तिथेच लागला.

राहिला गॅस. गाडी सुरू होते पेट्रोलवर, इंजिन तापलं की आपोआप एलपीजीवर जाते. डॅशबोर्डवरचा दिवा पाहिला नाही तर कळतही नाही. गॅस संपला तर चालत्या गाडीतच परत पेट्रोल. लिटरमागे एलपीजीत पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज घटणारच. हिशेब लिटरचा नको, किलोमीटरमागच्या खर्चाचा करा. टाकीही सुरक्षेसाठी 80 टक्केच भरतात. भरल्या गाडीने चढ चढताना गिअर एक खाली घ्यावा लागतो, त्याचं मला काही वाटत नाही.

खटकते ती स्टेपनी. तिच्या खोबणीत गॅसची गोल टाकी बसवली आहे आणि बदल्यात पंक्चर किट दिलंय. खिळा घुसला तर ठीक, टायरची कड फाटली तर ते किट कुचकामी! घरच्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीत हे मला अजिबात पटत नाही. लांब जाताना मी वेगळी घेतलेली स्टेपनी डिकीत आडवी टाकतो, मग मुलांच्या बॅगा त्यांच्या पायाशी येतात.